एका वाढीचे चार टक्के

जुलै २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने सातव्या राज्य वेतन आयोगाच्या शिफारशी स्वीकारल्या आणि सर्वांच्या तोंडी एकच आकडा झाला: साडेअठ्ठावन्न टक्के. ज्यांच्या घरात सरकारी नोकर नाही त्यांना तो ऐकून धक्का बसला. ज्यांच्या घरात आहे त्यांनी ऑगस्टचा पगार हाती आल्यावर विचारले, "साडेअठ्ठावन्न टक्के गेले कुठे?" पहिल्या मंडळींचा राग आणि दुसऱ्यांची निराशा ही दोन्ही एकाच गैरसमजातून जन्मली होती. टक्का ऐकला, पण तो कशाचा टक्का हे कोणी विचारले नाही.

वाणिज्य शाखेत शिकवत असल्यामुळे हा प्रश्न विद्यार्थी मला नेहमी विचारतात. कुणाचे वडील शिक्षक असतात, कुणाचे उद्यमबागेतल्या फौंड्रीत असतात, कुणाला स्वतःलाच पहिल्या नोकरीचे पत्र आलेले असते. प्रश्न मात्र एकच: पगार वाढला म्हणजे नेमका किती वाढला? याला लागणारे गणित सातवीच्या पुस्तकाबाहेरचे नाही. पण ते न केल्यामुळे माणसे वाढीच्या भरवशावर कर्जाचा हप्ता ठरवून बसतात आणि मग महिन्याची तोंडमिळवणी करताना हैराण होतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आपण बोलताना ज्या चार वेगवेगळ्या गोष्टींना सरसकट 'पगारवाढ' म्हणतो, त्यांची कारणे निराळी आणि परिणामही निराळे आहेत.

पहिली वार्षिक वेतनवाढ. ही अनुभवाबद्दल मिळते. कर्नाटकाच्या २०१८ च्या वेतनश्रेणीत सर्वांत खालची पायरी १७,००० रुपयांची होती आणि पुढची पायरी ४०० रुपयांनी वर, म्हणजे शेकडा २.३५ इतकी. २०२४ च्या श्रेणीत आरंभ २७,००० वर आणि पहिली वाढ ६५० रुपयांची, म्हणजे शेकडा २.४१. रुपये वाढले, प्रमाण जवळजवळ तेच राहिले.

दुसरी महागाई भत्त्यातील वाढ. आपल्या कन्नड विभागाचे वाचक याला 'तुट्टिभत्ये' म्हणतात. 'तुट्टी' म्हणजे महाग. दोन्ही भाषांनी नावातच खरे सांगून टाकले आहे: हा भत्ता बक्षीस नव्हे, भरपाई आहे. भाव वाढले म्हणून तो वाढतो. ज्या दिवशी भत्ता वाढतो त्या दिवशी माणूस श्रीमंत होत नाही, मागे पडलेला होता तो फार तर पूर्वीच्या जागी येतो.

तिसरी बढती. काम बदलते, जबाबदारी वाढते, म्हणून पगार वाढतो. तिच्याविषयी फारसा गोंधळ नाही.

चौथी वेतनश्रेणीची सुधारणा. हीच वेतन आयोगाची वाढ. बहुतेक गोंधळ हिच्याविषयीच आहे. तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन सोबत बसावे.

के. सुधाकर राव यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने सूत्र दिले ते असे. जुने मूळ वेतन घ्यावे. त्यात १ जुलै २०२२ रोजी लागू असलेला ३१ टक्के महागाई भत्ता मिळवावा. त्यावर जुन्या मूळ वेतनाच्या २७.५ टक्के रक्कम, जिला 'फिटमेंट' म्हणतात, ती घालावी. ३१ आणि २७.५ मिळून झाले साडेअठ्ठावन्न. १७,००० ला १.५८५ ने गुणले की २६,९४५ येतात, ते पायरीवर बसवून २७,००० झाले.

म्हणजे साडेअठ्ठावन्नपैकी ३१ टक्के ही रक्कम नोकराच्या हातात आधीपासूनच येत होती. ती फक्त 'भत्ता' या खिशातून काढून 'मूळ वेतन' या खिशात ठेवली. ती नवी वाढ नव्हे. राहिले २७.५ टक्के. पण तेही जुन्या मूळ वेतनाचे. माणूस काही नुसत्या मूळ वेतनावर घर चालवत नव्हता, भत्ता धरून त्याला १०० ऐवजी १३१ मिळत होते. १३१ चे १५८.५ झाले, तर वाढ शेकडा २१ इतकीच झाली.

आता प्रत्यक्ष महिना पाहू. घरभाडे भत्ता गावागणिक निराळा असतो, म्हणून तो बाजूला ठेवतो. जुलै २०२४ मध्ये १७,००० मूळ वेतन असणाऱ्याला ४२.५ टक्के महागाई भत्त्याचे ७,२२५ रुपये मिळत. शिवाय एप्रिल २०२३ पासून सरकारने मूळ वेतनाच्या १७ टक्के अंतरिम वाढ दिलेली होती, तिचे २,८९० रुपये. एकूण २७,११५. ऑगस्टपासून त्याचे मूळ वेतन २७,००० झाले आणि नव्या श्रेणीवरचा महागाई भत्ता आरंभी ८.५ टक्के धरला गेला, त्याचे २,२९५ रुपये. अंतरिम वाढ नव्या वेतनात विरून गेली. एकूण २९,२९५. पुढे हा भत्ता १०.७५ टक्के झाला, पण भाववाढीपोटी तो जुन्या श्रेणीतही वाढलाच असता, म्हणून तो या तुलनेत धरणे योग्य नाही.

फरक झाला २,१८० रुपयांचा. २७,११५ वर हे शेकडा ८ होतात.

एकाच वाढीचे हे चार टक्के: साडेअठ्ठावन्न, साडेसत्तावीस, एकवीस आणि आठ. यांतला एकही खोटा नाही. जुन्या मूळ वेतनाशी नव्या मूळ वेतनाची तुलना केली की पहिला येतो. फिटमेंटचे नुसते प्रमाण सांगितले की दुसरा. भत्ता धरून तुलना केली की तिसरा. मागच्या महिन्याच्या पगाराशी तुलना केली की चौथा. दुकानदार पहिला आकडा धरून बसला होता आणि नोकरदार चौथा.

यांतला न्याय्य आकडा कोणता? माझ्या मते तिसरा. कारण अंतरिम वाढीचे २,८९० रुपये हाही याच सुधारणेचा आगाऊ मिळालेला हप्ता होता. २,८९० आणि २,१८० मिळून ५,०७० रुपये होतात. अंतरिम वाढ वगळून जुलैचा पगार २४,२२५ होता, त्यावर ही वाढ पुन्हा शेकडा २१ च्या आसपास येते. दोन वाटांनी गेलो तरी एकाच गावी पोहोचलो, म्हणजे हिशेब बरोबर आहे. जो सांगतो 'साडेअठ्ठावन्न टक्के मिळाले' तो आधीचा भत्ता विसरतो. जो म्हणतो 'आठच टक्के मिळाले' तो आधीचा हप्ता विसरतो. एक गोष्ट मात्र नोकरदाराच्या बाजूने सांगितली पाहिजे. नवे वेतन कागदोपत्री १ जुलै २०२२ पासून धरले गेले, पण रोख लाभ १ ऑगस्ट २०२४ पासून मिळाला.

हीच कसोटी केंद्राला लावून पाहा. सातव्या केंद्रीय वेतन आयोगाने २०१६ पासून किमान मूळ वेतन ७,००० वरून १८,००० केले. अडीचपटीहून अधिक! पण तेव्हा महागाई भत्ता १२५ टक्के होता. ७,००० वाल्याच्या हाती तो धरून १५,७५० पडत होते. १५,७५० चे १८,००० झाले, म्हणजे वाढ शेकडा १४.३. केंद्राने २०२५ मध्ये आठवा आयोग नेमला आणि लगेच 'किती पट' याच्या पैजा सुरू झाल्या. पटीचा आकडा ऐकला की आधी त्या दिवशीचा भत्ता विचारावा. १०० मध्ये तो भत्ता मिळवावा आणि येणाऱ्या संख्येने पटीला भागावे, मगच आनंद करावा.

आता महागाई भत्त्याकडे वळू, कारण वाढ खरी की पोकळ हे तोच सांगतो. भत्त्यामागची तत्त्वे ठरविण्याचे काम १९६६ साली नेमलेल्या एका आयोगाकडे होते. त्याचे अध्यक्ष न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर. जन्म साताऱ्याचा, कॉलेजचे पहिले शिक्षण धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात, म्हणजे ते आपल्या दोन्ही विभागांचे. आज हा भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो. केंद्राचा लेबर ब्यूरो देशातील ८८ केंद्रांतून भाव गोळा करतो आणि त्या केंद्रांत बेळगावही आहे. आपल्या बाजारातल्या तांदळाचा, तुरडाळीचा, घरभाड्याचा भाव त्या आकड्यात कुठेतरी मिसळलेला असतो.

या निर्देशांकात १०० पैकी ३९.१७ भाग अन्नपदार्थांचा, १६.८७ घराचा, ६.०८ कपडे व पादत्राणे यांचा, ५.५० इंधन-दिव्याचा, २.०७ पान, सुपारी, तंबाखू व मद्य यांचा आणि उरलेला ३०.३१ भाग औषधपाणी, शिक्षण, प्रवास इत्यादींचा असतो. हे प्रमाण सरासरी कामगार कुटुंबाचे आहे. ज्याच्या घरात दोन मुले कॉलेजात आणि एक वृद्ध औषधावर, त्याची महागाई निर्देशांकापेक्षा वेगळी असणार. शिवाय भत्ता मागच्या बारा महिन्यांच्या सरासरीवर ठरतो आणि त्यानंतर जाहीर होतो. भाव पुढे चालतात, भत्ता मागून येतो. तरी ज्याला भत्ता आहे त्याच्या पाठीशी निदान काहीतरी आहे. ज्याला नाही त्याचे काय, हा यापुढचा प्रश्न आहे.

त्याचा हिशेब करू. किरकोळ किमतींचा सर्वसाधारण निर्देशांक सरासरीने २०२२-२३ मध्ये ६.७, २०२३-२४ मध्ये ५.४ आणि २०२४-२५ मध्ये ४.६ टक्क्यांनी वाढला. या तिघांची नुसती बेरीज करू नये. दुसऱ्या वर्षीची वाढ पहिल्या वर्षीच्या वाढलेल्या भावावर बसते, जसे चक्रवाढ व्याज. १.०६७ गुणिले १.०५४ गुणिले १.०४६ हे १.१७६ होतात. म्हणजे तीन वर्षांत भाव शेकडा १७.६ वर गेले.

आता समजा, कारखान्यातल्या एका कामगाराला २०२१-२२ मध्ये २०,००० रुपये पगार होता आणि मालकाने दर वर्षी न चुकता एक हजार वाढवले. २१,०००, २२,०००, २३,०००. तीन वर्षे, तीन वाढी. दर वेळी घरी पेढे आणावेत असा प्रसंग. पण २०२१-२२ मध्ये २०,००० रुपयांत जे घर चालत होते ते तसेच चालवायला २०२४-२५ मध्ये २३,५२७ रुपये हवेत. त्याच्याजवळ ५२७ कमी आहेत. त्याने काही उधळले नाही, काम कमी केले नाही, तीन वेळा पगार वाढला, आणि तरीही तो मागे गेला. घरात 'पगार वाढूनही पुरत कसा नाही?' म्हणून कुरबुर होते तेव्हा दोष बहुधा कोणाच्या हाताच्या सढळपणाचा नसतो, या ५२७ रुपयांचा असतो. मी हे फळ्यावर मांडतो तेव्हा वर्गात काही चेहरे एकदम गंभीर होतात, त्याचे कारण मला ठाऊक आहे.

खरी वाढ काढण्याची रीत सोपी आहे. पगार ८ टक्क्यांनी वाढला आणि भाव ५ टक्क्यांनी, तर १०८ ला १०५ ने भागावे. उत्तर १.०२८६, म्हणजे खरी वाढ शेकडा २.८६. घाईत वजाबाकी करून ३ म्हटले तरी फार बिघडत नाही, पण आकडे मोठे असले किंवा वर्षे अधिक असली तर भागाकारच करावा. आणि पगार ५ टक्क्यांनी, भाव ६ टक्क्यांनी वाढले तर १०५ भागिले १०६, म्हणजे जवळजवळ एक टक्क्याची घट. पत्रावर तिलाही 'वाढ' असेच म्हटलेले असते.

सर्वांत कठीण स्थिती एकत्रित मानधनावर काम करणाऱ्यांची. अनेक महाविद्यालयांत शिकविण्याचे पुष्कळसे काम अतिथी व्याख्याते करतात. मूळ वेतन नाही, म्हणून त्यावरचा भत्ताही नाही. ज्यांचे २०,००० चे मानधन या तीन वर्षांत बदलले नाही, त्यांच्या २०,००० ची खरेदीची ताकद सुमारे १७,००० वर आली. कोणी त्यांचा पगार कापला नाही, कोणी तसा आदेश काढला नाही, तरी दरमहा ३,००० गेले. राज्यातील किमान वेतनालासुद्धा बदलता महागाई भत्ता जोडलेला आहे. शिकविणाऱ्याच्या मानधनाला तो नसावा याचा विचार व्हायला हवा. या मंडळींच्या मागणीत 'वाढ' हा शब्द असतो, परंतु त्या मागणीचा पहिला भाग वाढीचा नसून गेलेले परत मिळविण्याचा असतो.

शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी खाजगी नोकरीच्या पत्राविषयी दोन शब्द. त्यात 'वार्षिक तीन लाख' असे ठळक लिहिलेले असते. हा बहुधा कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च असतो, तुमचा पगार नव्हे. महिन्याचे २५,००० होतात. मूळ वेतन १२,५०० धरले, तर कंपनीने भरावयाचा १२ टक्के भविष्य निर्वाह निधी, १,५०० रुपये, यातच धरलेला असतो. पुष्कळ कंपन्या ग्रॅच्युइटीची तरतूदही यातच दाखवतात, तिचे महिन्याचे ६०१. उरले २२,८९९. त्यातून तुमच्या वाट्याचे निधीचे १,५०० गेले की हाती २१,३९९. निधीचे पैसे वाया जात नाहीत, ते तुमचेच आहेत. पण खोलीचे भाडे आणि खाणावळीचे बिल निधीतून देता येत नाही.

पुढल्या वर्षी पत्र येते: 'तीन लाखांचे तीन लाख साठ हजार, २० टक्के वाढ.' खालच्या ओळी वाचाव्यात. त्या ६०,००० पैकी ३६,००० 'कामगिरीनुसार' देय असतील, तर खात्रीची वाढ २४,००० ची, म्हणजे ८ टक्के. उरलेले मिळाले तर आनंद, पण हप्ता त्यावर ठरवू नये.

प्राध्यापक बंधू-भगिनींचा एक नेहमीचा प्रश्न राहिला. वाढीमुळे आपण कराच्या वरच्या टप्प्यात गेलो तर हातचेही जाईल का? टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यातल्या रकमेला लागतो. २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीत करपात्र उत्पन्न १६ लाखांवरून साडेसोळा लाख झाले, तर २० टक्के दर वरच्या ५०,००० ला लागतो. कर वाढला १०,००० ने, उपकर निराळा. बाकीचे १६ लाख होते तसेच राहतात. अपवाद एकच आहे, १२ लाखांच्या उंबरठ्याचा. तिथवर सूट मिळून कर शून्य होतो. १२ लाख १० हजार झाले तर हिशेबाने ६१,५०० रुपये कर निघतो, पण सवलत अशी आहे की कर वाढलेल्या १०,००० हून अधिक घेतला जात नाही. वर ४ टक्के उपकर मात्र लागतो. त्या अरुंद पट्ट्यात सापडलेल्याची वाढ करातच जाते, एवढे खरे. एरवी कराच्या भीतीने वाढ नाकारण्याचे कारण नाही.

एवढ्या सगळ्याचे सार चार प्रश्नांत सांगता येईल. वाढीचा टक्का कशावर काढला आहे, मूळ वेतनावर, एकूण पगारावर की कंपनीच्या खर्चावर? त्यातले आधीच हातात येणारे किती? दरमहा खात्रीने पडणारे किती? आणि मागच्या वाढीपासून भाव किती चढले? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे पगारपत्रकात मिळतात, चौथ्याचे निर्देशांकात.

हे चार प्रश्न विचारणारा दुसऱ्याच्या पगाराचा आकडा ऐकून जळत नाही आणि स्वतःच्या आकड्याने हुरळत नाही. फौंड्रीतल्या कामगाराचा मुलगा आणि शिक्षकाची मुलगी एकाच बाकावर बसतात. एकाला वाटते, दुसरीच्या घरी साडेअठ्ठावन्न टक्के आले. दुसरीला वाटते, आपल्या घरी काहीच आले नाही. दोघांनी मिळून हा हिशेब एकदा वहीत मांडावा. आज रात्रीच घरचे पगारपत्रक मागून घ्या. तीन वर्षांपूर्वीचे सापडले तर तेही घ्या, आणि नव्याला जुन्याने भागून काय येते ते पाहा.